डायनामिनचं वेटोळं: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

१० जून

नवी वही. जुनी क्लोनिंगमध्येच संपली, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

काम थोडक्यात: पेशी बाहेरचं काही आत घेते तेव्हा पटलाला आतल्या बाजूला खळगा पडतो, खळग्याचा फुगा होतो आणि तो फुगा बारीक मानेने पटलाला लटकून राहतो. ही मान तोडायचं काम डायनामिन या प्रथिनाचं. एकट्यादुकट्या रेणूला ते जमत नाही. रेणूला रेणू जुळून तंतू होतो, तंतू मानेभोवती वेटोळं घालतो आणि जीटीपी हे पेशीतलं इंधन खर्च करून आवळतो. तंतू कुठल्या सांध्यांवर जुळतो आणि आवळताना त्यातलं काय हलतं, हे आम्हाला बघायचंय. मॅडमनी प्रकल्पाला दीड ओळीचं नाव दिलंय. लॅबमध्ये सगळे ‘वेटोळं’ म्हणतात.

सुरुवात डायनामिन-१ पासून. ८६४ अमिनो आम्लं, वजन साधारण १०० किलोडाल्टन. जिवाणूंत १८ अंशांवर रात्रभर वाढवायला ठेवलंय.

१४ जून

जेल चालवली, प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायला. १०० वर ठळक पट्टी आहे, पण तिच्या खाली दुसरी, जवळजवळ तेवढीच जाड. डायनामिनची शेपूट प्रोलीनने भरलेली, मोकळी लोंबणारी. पेशी फोडल्या की प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, आधी तिच्यावरच तुटून पडतात. सीनिअर म्हणाला, “अगं, टॅग शेपटीच्या टोकाला लाव. शेपूट गेली की टॅगही गेला, तुटकं प्रथिन कॉलमला धरणारच नाही.” टॅग म्हणजे प्रथिन गाळायच्या कॉलमला चिकटणारी खूण. म्हणजे पुन्हा क्लोनिंग. नशीब, तसा कन्स्ट्रक्ट, म्हणजे जोडलेला डीएनए, फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात आधीच कुणीतरी करून ठेवलेला निघाला. अक्षर ओळखू आलं नाही. ज्याचं असेल त्याला चहा.

१९ जून

आज सकाळी रडायचीच बाकी होते. रात्री चार मिली स्वच्छ प्रथिन डायलिसिसला, म्हणजे पिशवीत भरून बफर बदलायला, लावून गेले होते. सकाळी पिशवीत ताकासारखं पांढरट पाणी. चूक माझीच: बाटलीवर ‘बफर + मीठ’ असं मीच लिहिलेलं, पण आत मीठ घातलेलंच नव्हतं. चार दिवसांचं काम सिंकमध्ये ओतायला निघाले, तेवढ्यात सीनिअरने हात धरला. म्हणे, “टाकायच्या आधी एक ग्रिड तरी कर.”

२० जून

ग्रिड केलं. कार्बनचा थर असलेली तांब्याची जाळी, ग्लो डिस्चार्ज, तीन मायक्रोलीटर थेंब, मिनिटभराने गाळणकागदाच्या कडेने टिपून २ टक्के युरेनिल ॲसिटेटचा स्टेन. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काळ्या-करड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बांगड्याच बांगड्या! काही सुट्या, काही बांगड्यांच्या दुकानात नळीवर ओवून ठेवतात तशा एकावर एक. पटल नाही, जीटीपी नाही, नुसतं मीठ कमी झालं आणि रेणूंनी आपापले हात धरले.

हे काही मी शोधलेलं नाही. हिन्शॉ आणि श्मिड यांनी १९९५ मध्ये हेच दाखवलं होतं: मीठ उतरवलं की डायनामिन आपोआप कड्या करतो. त्याच वर्षी ताकेई, दे कामिली वगैरेंनी मज्जातंतूंच्या टोकांत जीटीपीचा सहजी न फुटणारा भाऊबंद सोडला, तेव्हा खळग्यांच्या माना लांबच लांब नळ्या झाल्या आणि त्यांवर डायनामिनच्या कड्या ओळीने बसलेल्या दिसल्या. दोन्ही निबंध मी तोंडपाठ म्हणून दाखवले असते. तरी पिशवीत पांढरं दिसल्यावर डोक्यात आलं ते एवढंच: प्रथिन फुटलं.

मीठ परत घातलं, ढवळलं, दहा मिनिटांत पाणी निवळ. पुन्हा कमी केलं, पुन्हा ताक. दुपारभर हाच खेळ. शेवटी मॅडम म्हणाल्या, “पुरे आता, प्रथिन संपेल.”

१ जुलै

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला. रस्ते बंद, द्रव नायट्रोजन आला नाही. लॅबचे मदतनीस काका सकाळीच वारकऱ्यांना चहा वाटायला गेलेत. मी डायनामिनचे स्फटिक करून रचना काढलेले निबंध घेऊन बसले.

रेणूचा नकाशा स्वतःसाठी एकदा शब्दांत लिहून ठेवते, कारण चित्र बघितलं की समजल्यासारखं वाटतं आणि पान उलटलं की जातं.

वर डोकं: जी-डोमेन, जीटीपी इथे बसतो आणि फुटतो. डोक्याखाली तीन हेलिक्सची (प्रथिनातल्या मळसूत्री काड्यांची) छोटी मान, नाव बीएसई. मग लांब दांडा, चार हेलिक्सचा, मोळी बांधल्यासारखा. दांड्याच्या खालच्या टोकाला पाय: पीएच डोमेन, पटलातल्या पीआयपी-२ या लिपिडला धरणारा, त्यातला एक फास चक्क पटलात रुततो. शेपूट वेगळीच, ती बाकीच्या प्रथिनांशी बोलते.

तंतू उभा राहतो तो दांड्यांवर. दोन दांडे मध्यावर एकमेकांना छेदून फुली करतात. हा सांधा घट्ट, सहसा सुटत नाही. या फुल्या मग टोकांकडच्या दोन दुबळ्या सांध्यांनी शेजारच्या फुलीला जोडल्या जातात. जोडणी जराशी तिरकी आहे, आणि सगळी गंमत त्या तिरकेपणात. सरळ जोडल्या असत्या तर काठी झाली असती. दर फुलीमागे थोडा कोन पडत जातो म्हणून वेटोळं होतं. एका फेऱ्यात साधारण तेरा-चौदा फुल्या, म्हणजे २६ ते २८ रेणू. पाय सगळे आत, पटलाकडे. डोकी बाहेर.

आणि शेजारच्या फुलीतली डोकी एकमेकांना धरत नाहीत. एक फेरा पूर्ण होऊन तंतू स्वतःच्या शेजारी आला की खालच्या फेऱ्यातलं डोकं वरच्या फेऱ्यातल्या डोक्याला भिडतं. ही भेट झाली की जीटीपी फुटायचा वेग शंभरपटीने वाढतो. म्हणजे फेरा पुरा होईस्तोवर यंत्र जवळपास बंदच. जागच्या जागी जीटीपी जाळत बसू नये म्हणून ही सोय असावी, असा माझा अंदाज.

एक गोष्ट मात्र आज खटकली. २०११ मध्ये नेचरमध्ये दोन गटांच्या रचना आल्या, फेल्बर-डाउम्के यांची आणि फोर्ड-नुन्नारी यांची. दोघांनीही शेपूट कापली होती आणि सांधा बिघडवलेला म्युटंट, म्हणजे मुद्दाम बदललेला रेणू, घेतला होता. बरोबरच आहे, तंतू करत सुटलेल्या प्रथिनाचा स्फटिक होणार कसा? पण म्हणजे तंतूचे सांधे आपल्याला नीट कळले ते तंतू होऊ न देता.

९ जुलै

पटलावरचे तंतू. फॉस्फॅटिडिलसेरीन या लिपिडच्या लिपोसोमांवर (बारीक फुग्यांवर) डायनामिन घातला, अर्धा तास, स्टेन. गोल लिपोसोमांमधून शेवया निघाल्यासारख्या नळ्या, अंगभर आडवे पट्टे. मोजल्या तर बाहेरचा व्यास ५० नॅनोमीटरच्या आसपास. दुसऱ्या नळीत जीएमपीपीसीपी घातला. हा जीटीपीचा तोतया: शेवटच्या दोन फॉस्फेटांमधला ऑक्सिजन काढून तिथे कार्बन बसवलाय, त्यामुळे जागेवर बसतो पण फुटत नाही. त्यातल्या नळ्या बारीक, ४० च्या जवळ. पट्टेही दाटलेले.

स्टेनमध्ये नळ्या सुकताना चपट्या होतात, तेव्हा हे आकडे जरा फुगलेलेच समजायचे. पण फरक खरा. क्रायोच्या (नमुना गोठवून काढलेल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप फोटोंच्या) निबंधांत आतली पोकळी २० नॅनोमीटरवरून ७ वर येते असं दिलंय.

१६ जुलै

जीटीपी फुटतोय का ते बघायला मॅलाकाइट ग्रीन. सुटलेल्या फॉस्फेटने पिवळ्याचा हिरवा होतो. सगळ्या नळ्या हिरव्यागार. ब्लँकसकट, म्हणजे प्रथिन न घातलेल्या नळीसकट.

१८ जुलै

ब्लँक अजून हिरवा. नवं प्रथिन, नवा जीटीपी, नवा बफर, तरी हिरवा.

१९ जुलै

काकांनी सोडवलं. मी बीकर धुताना बघून म्हणाले, “ताई, त्या साबणात फॉस्फेट असतं ना?” असतं. प्लास्टिकच्या कोऱ्या नळ्या घेतल्या, ब्लँक लिंबासारखा पिवळा. आता आकडे जागेवर: एकट्या डायनामिनचा वेग नगण्य, लिपिड नळ्यांबरोबर शंभरपटीच्या वर.

२५ जुलै

सिंहगड रोडला पाणी शिरलंय. आज कुणीच आलेलं नाही. फ्रीजर चालू आहे एवढं वॉचमनकडून कळलं.

६ ऑगस्ट

आतापर्यंत फक्त आवळणं पाहिलं. आज तोडणं.

ही पद्धत इथलीच, पुण्याची. आयसर पुणेच्या थॉमस पुकाडियिल यांच्या गटाने २०१५ मध्ये नेचर सेल बायॉलॉजीमध्ये मांडलेली. काचेवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं अस्तर, त्यावर लिपिडचा थेंब वाळवायचा, फ्लो सेल बसवून बफर सोडायचा. प्रवाहाने लिपिडमधून नळ्या ओढल्या जातात, केस विंचरावेत तशा एका दिशेने, आणि काचेवर टेकून राहतात. लिपिडमध्ये शंभरात एक चमकणारं. नळी जितकी जाड तितकी उजळ, म्हणजे उजेड मोजला की जाडी कळते.

नुसता डायनामिन सोडला. मिनिटभर काही नाही, मग नळ्यांवर मधेमधे मंद डाग पडले, दिव्यांच्या माळेतले काही दिवे कमी व्होल्टेजवर असावेत तसे. जिथे वेटोळं बसलं तिथे नळी बारीक, म्हणून उजेड कमी. जास्तीचा डायनामिन धुऊन काढला. डाग जागेवरच. पाच मिनिटं, दहा मिनिटं, जेवून आले तरी जागेवरच. नळी शाबूत.

मग जीटीपी सोडला.

मी स्क्रीनवर नोंद लिहायला मान खाली घातली आणि वर बघेपर्यंत सगळं संपलं होतं. नळ्यांच्या जागी तुकडे आणि आखडलेली टोकं. उरलेला दिवस हाच प्रयोग पुन्हा पुन्हा, मान खाली न घालता.

१३ ऑगस्ट

सेकंदाला दहा चौकटी. एका चौकटीत अखंड नळी, पुढच्या चौकटीत दोन टोकं. मधलं काही हाती लागत नाही. पण कुठे तुटते ते कळतं: बऱ्याचदा मंद डागाच्या कडेला, जिथे वेटोळं संपून उघडी नळी सुरू होते. मोर्लो आणि रू यांनी २०१२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हेच म्हटलंय, की तंतूच्या कडेपाशी पटलाला सर्वांत जास्त वाक सोसावा लागतो आणि फाटणं तिथूनच सुरू होतं. लांबलचक तंतूच्या पोटात नळी सुरक्षितच असते.

मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, “मग लांब तंतूचा उपयोग काय?” मी म्हटलं, आपल्याला फोटो काढायला. त्या हसल्या नाहीत. जिवंत पेशीत मोजणी झालीय ती एका खळग्यामागे २६ च्या आसपास रेणूंची, म्हणजे जेमतेम एक फेरा. आम्ही चाळीस-पन्नास फेऱ्यांच्या नळ्या करून त्यांचे फोटो काढतोय.

२३ ऑगस्ट

आज माश्यांची आठवण झाली म्हणून लिहिते. एमएस्सीला असताना शिबिरे माश्या दाखवल्या होत्या. शिबिरे हा जपानी शब्द, बधीर होणं. फळमाश्यांचा हा म्युटंट १९७३ मध्ये ग्रिग्लियाट्टी आणि सुझुकी यांच्या गटाने कॅनडात वेगळा केला. काचेच्या नळीत वीस-पंचवीस माश्या, नळी कोमट पाण्यात धरली, २९-३० अंश. मिनिटाच्या आत एकेक करून टपटप खाली, पाय वर. आम्हाला वाटलं मेल्या. सरांनी नळी टेबलावर ठेवली, दुसऱ्या विषयावर बोलत राहिले, आणि थोड्या वेळाने माश्या उठून पंख साफ करायला लागल्या.

ते जीन डायनामिनचं आहे हे १९९१ मध्ये कळलं. त्याआधीच, १९८३ मध्ये, कोसाका आणि इकेदा यांनी तापवलेल्या माश्यांच्या मज्जातंतूंचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो काढले होते. पिशव्या संपलेल्या, खळगे पटलाला लटकलेले, आणि प्रत्येकाच्या मानेला काळसर कॉलर. ती कॉलर म्हणजे हेच वेटोळं, अडकून पडलेलं. मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) कृष्णन यांच्या लॅबने याच माश्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. २००१ चा ‘न्यूरॉन’ नियतकालिकातला त्यांचा निबंध सांगतो की डायनामिनला जीटीपी पुरवायला एक वेगळं एन्झाइम लागतं. तेही कमी झालं तर शिबिरे माश्या आणखी लवकर लुळ्या पडतात.

हे लिहायचं कारण: जुलैपासून जे खटकत होतं ते आज एका ओळीत बसलं. १९८३ ची कॉलर, १९९५ च्या लांब नळ्या, २०१० चा जी-डोमेनच्या जोडीचा स्फटिक, २०१८ चा हिन्शॉ गटाचा ३.७५ अँगस्ट्रॉमचा क्रायो नकाशा. सगळी यंत्रं अडकवलेली. कधी उष्णतेने, कधी तोतया जीटीपीने, कधी म्युटंट करून. सगळ्यांत बोलका के-४४-ए हा म्युटंट: जीटीपी धरतो पण फोडू शकत नाही. त्याच्या वेटोळ्याने नळीची पोकळी ३.७ नॅनोमीटरपर्यंत आवळली, पटलाच्या स्वतःच्या जाडीइतकी, आणि तरी नळी तुटलेली नाही. आवळण्याने पटलाची मान मरणाच्या दारात जाते, पण तुटायला जीटीपी फुटून डोक्याखालची मान, ते बीएसई, सुमारे ७० अंशांनी वळावं लागतं आणि सांधे सैल पडावे लागतात. फोटोत जे स्थिर दिसतं ते न तोडणारं वेटोळं.

प्रगती अहवालात हे असं लिहिता येणार नाही, कारण अहवालात ‘स्थिर तंतू मिळाले’ हेच यश म्हणून लिहायचंय.

३० ऑगस्ट

डायनामिन-२ चा म्युटंट आला, स्नायूंच्या दुबळेपणाच्या आजारातला. हे बदल बहुतेक दांडा आणि पायाच्या शिवेवर. साध्या रेणूत पाय दांड्याला दुमडून बसलेला असतो आणि पटल भेटेपर्यंत तंतू होऊ देत नाही. ती कडीच निघाली की तंतू नको तिथे होतो आणि सुटता सुटत नाही.

आमच्या हातातही तसंच. साधा डायनामिन-२: जीटीपी घातला, पाण्याचा गढूळपणा पाहतापाहता उतरला. म्युटंट: जीटीपी घातला, तो संपलाही (मॅलाकाइटने बघितलं), पण गढूळपणा तिथल्या तिथे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे जेलच्या पानावर कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं. मॅडमनी खाली लाल पेनने: “चांगलं आहे, पण कंट्रोल कुठाय?”

९ सप्टेंबर

उद्या गौरी. तीन दिवस घरी. आईला ‘काय करतेस’ला सांगायला सोपं उत्तर अजून सापडलेलं नाही.

१८ सप्टेंबर

विसर्जनाच्या रात्रीची झोप नाही, त्यात ही सिमेट्री.

ऑगस्टअखेर जीएमपीपीसीपीची ग्रिडं गोठवली होती. पुण्याच्या पावसाळी हवेत हे करणं म्हणजे शिक्षा: ग्रिड हलवताना हवेतली वाफ लगेच बर्फाचे खडे होऊन बसते. बारापैकी तीन वापरण्याजोगी. तेवढ्यातून नळ्यांचे तुकडे उचलून द्विमितीय सरासऱ्या काढल्या. छान आल्या, पायांची ओळ आणि डोक्यांची ओळ वेगवेगळी दिसते. मग त्रिमितीय नकाशा, आणि इथे मी फसले.

वेटोळ्याचा नकाशा काढायला दोन आकडे लागतात: एका घटकापासून पुढच्यापर्यंत किती अंश वळायचं आणि किती वर चढायचं. चुकीचे आकडे दिले तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, गुळगुळीत नकाशा काढून देतो. पहिला आला तो ११ अँगस्ट्रॉमचा, दिसायला सुरेख. सीनिअरला दाखवला. तो बराच वेळ फिरवत बसला आणि मग म्हणाला, “यात दांडा कुठाय?” नव्हताच. डोक्यांच्या जागी डोक्यांएवढे गोळे, पण मध्ये चार हेलिक्सच्या मोळीऐवजी सपाट भिंत. एकाच तंतूचं वेटोळं असताना मी दोन तंतूंची सिमेट्री लादली होती. के-४४-एचं आवळलेलं वेटोळं दोन तंतूंचं असतं, तेच डोक्यात बसलेलं.

नळ्या व्यासाप्रमाणे वेगळ्या केल्या. मधल्या जाडीच्या गटावर एका तंतूचे आकडे लावले. रात्री नऊला नकाशा आला, आकड्याने तेवढाच, ११ ला जरा कमी. पण भिंतीच्या जागी काड्या उभ्या. २०११ चा दांडा त्यात टाकला आणि तो बसला. फुलीच्या मध्यावरचा सांधा अगदी घट्ट. टोकाकडचे सांधे धुरकट, तिथे घनताच कमी. पहिल्यांदा वाटलं डेटा कमी म्हणून. पण एकाच नकाशात मधला सांधा स्पष्ट आणि टोकाचे धूसर, म्हणजे टोकाचे खरंच हलत असावेत. नळी जाड-बारीक होताना कोन तिथेच बदलतो. मॅडम म्हणतात, ११ अँगस्ट्रॉमवर एवढं बोलू नये. वहीत लिहायला हरकत नाही.

२७ सप्टेंबर

शेवटी तेच केलं जे जूनपासून मनात होतं. तोतया नाही, म्युटंट नाही. साध्या डायनामिनच्या नळ्या ग्रिडवर, त्यावर खरा जीटीपी, टिपणं, आणि द्रव इथेनमध्ये डुबकी. हात कितीही चालवला तरी जीटीपी पडल्यापासून गोठेपर्यंत दहा सेकंद जातात.

दोन तास शोधलं. एकही नळी नाही. चाळीस-पन्नास नॅनोमीटरचे गोल फुगे विखुरलेले, मधूनच सुटे रेणू. एका चौकोनात, छिद्राच्या अगदी कडेला, एक आखूड नळकांडं, त्यावर दीड फेरा. की बर्फाची सुरकुती? मोठं करून तीनदा पाहिलं, दोनदा वेटोळं वाटलं.

सीनिअर म्हणाला रिकामं ग्रिड आहे, टाक. ठेवलंय. डबीवर लिहिलंय: ‘साधा, जीटीपी, १० सेकंद, तंतू नाहीत.’ सोमवारी सगळं ४ अंशांवर करून बघायचं, कदाचित वेग कमी होईल. काकांना नायट्रोजनचं सांगून ठेवलंय.